लहान टीमचा बग ट्रॅकर: नोंदीची सोय, निरोपाची सोय

पाच-सात जणांच्या सॉफ्टवेअर टीममध्ये बगची यादी सहसा तीन ठिकाणी पसरलेली असते. काही बग ग्राहकाने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेले, काही टेस्टरच्या एक्सेल शीटच्या चौथ्या टॅबमध्ये, आणि उरलेले "अरे, ते लॉगिनचं बघ जरा" एवढ्या शब्दांत जाता-येता सांगितलेले. रिलीजच्या आदल्या रात्री प्रत्येकाला आपापला बग आठवतो आणि मग कुणीतरी म्हणतं, आता एखादा बग ट्रॅकर घेतलाच पाहिजे.

इथून पुढे तुलनेचे तक्ते सुरू होतात. कुणाला जिरा हवं असतं, कुणाला फुकटातलं रेडमाइन. शंभर सोयींसमोर शंभर खुणा असलेले हे तक्ते लहान टीमच्या फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण त्यातल्या नव्वद सोयी तिला लागतच नाहीत. तिने दोनच प्रश्न विचारावेत. बग दिसल्यापासून तो नोंदवून होईपर्यंत किती वेळ लागतो? आणि उद्या हे सॉफ्टवेअर सोडावं लागलं, तर आपल्या हाती काय राहील? पहिल्या प्रश्नावर ट्रॅकर वापरला जाईल की नाही हे ठरतं. दुसऱ्यावर त्यात साठवलेलं काम टिकेल की नाही हे ठरतं.

आधी अर्धं पान लिहा

कुठल्याही साधनाची चाचणी घेण्याआधी टीमने एकत्र बसून चार उत्तरं कागदावर लिहावीत. बग कोण कळवतं: फक्त आपले टेस्टर, की ग्राहकही? कोड कुठे ठेवलेला आहे? बग बंद झाला हे कोण ठरवतं? आणि ग्राहकाला यादी दिसायला हवी, की नकोच?

ही उत्तरं ठरलेली नसतील, तर कितीही महागडं सॉफ्टवेअर घेतलं तरी गोंधळ तोच राहतो, फक्त तो रंगीत बोर्डवर दिसू लागतो. उलट शिस्त असेल तर साधं साधनही पुरतं. पोस्टग्रेससारख्या जगभर वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसचा प्रकल्प वर्षानुवर्षं रूढ अर्थाच्या बग ट्रॅकरशिवाय चालला आहे. वेबवरच्या फॉर्ममधून आलेल्या तक्रारीला क्रमांक मिळतो, ती ईमेलच्या यादीवर जाते आणि चर्चा तिथेच होते. तुम्ही त्यांची नक्कल करावी असं नाही. पण दोन जणांची टीम आणि एकच प्रकल्प असेल तर सामाईक शीटही काही महिने चालून जाते, हे लक्षात ठेवावं. एका बगवरची चर्चा शीटच्या एका कप्प्यात मावेनाशी झाली, किंवा "हा कुठल्या कमिटमध्ये सुधारला?" याचं उत्तर मिळेनासं झालं, की ट्रॅकरची वेळ आली असं समजावं.

फॉर्म जितका लहान, तितक्या नोंदी जास्त

फॉगबग्झ हा ट्रॅकर बनवणाऱ्या जोएल स्पोल्स्की यांनी २००० साली बग नोंदवण्याबद्दल एक लेख लिहिला होता. त्यांच्या मते चांगल्या नोंदीत तीन गोष्टी असाव्या लागतात: बग पुन्हा दिसण्यासाठी काय काय करायचं, काय व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं. ट्रॅकरमध्ये नवनवे रकाने वाढवण्याचा मोह टाळा, असंही त्यांनी बजावलं होतं. पाव शतक उलटलं तरी लहान टीमसाठी यापेक्षा चांगली कसोटी नाही.

त्यामुळे साधन पाहताना पहिली गोष्ट ही तपासा की नवा बग टाकायच्या पानावर किती रकाने सक्तीचे आहेत आणि ते काढता येतात का. मॉड्यूल, आवृत्ती, ब्राउझर, गंभीरता, प्राधान्य, स्प्रिंट, अंदाजे तास असं सगळं भरायला लावलं की टेस्टर पहिला आठवडा इमानदारीने भरतो. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक रकान्यात पहिला पर्याय निवडू लागतो, आणि तिसऱ्या आठवड्यात सरळ डेव्हलपरच्या खुर्चीपाशी जाऊन उभा राहतो. सक्तीचं फक्त शीर्षक असावं. मजकुराच्या चौकटीत स्पोल्स्कींच्या तीन गोष्टींचा साचा आधीच छापून यावा. गिटहब, गिटलॅब आणि इतर बऱ्याच साधनांत असा साचा ठेवता येतो.

गंभीरता आणि प्राधान्य या दोन रकान्यांवरून टीममध्ये हमखास वाद होतात. गंभीरता म्हणजे बगमुळे किती नुकसान होतं, आणि प्राधान्य म्हणजे तो किती लवकर सुधारायचा. मुख्य पानावर ग्राहकाच्याच कंपनीचं नाव चुकलं असेल तर नुकसान शून्य, पण तो बग आजच्या आज सुधारायचा. पन्नास जणांच्या विभागात हा भेद मोलाचा असतो. पाच जणांना एकच रकाना पुरतो: हे आधी, ते नंतर. ज्या ट्रॅकरमध्ये यादी नुसती ओढून वरखाली करता येते, तिथे तर या रकान्याचीही गरज उरत नाही.

बगच्या स्थितींचंही तसंच. मँटिस या ट्रॅकरमध्ये मुळात सात स्थिती येतात. लहान टीमला चार पुरतात: नवा, चालू, तपासायला, बंद. बंद करताना कारण मात्र लिहायलाच हवं: सुधारला, आधीच नोंदवलेला आहे, पुन्हा दिसला नाही, किंवा करायचा नाही. यातलं "पुन्हा दिसला नाही" हे सगळ्यात भांडखोर कारण. टेस्टर म्हणतो बग आहे, डेव्हलपर म्हणतो माझ्याकडे तर चालतंय. यावर स्पोल्स्कींचाच नियम लावावा: ज्याने बग उघडला, त्यानेच तो बंद करावा. डेव्हलपरने फक्त "तपासायला" असं म्हणून परत पाठवावा. तुम्ही निवडलेल्या साधनात हा नियम पाळणं सोपं आहे ना, हे पाहून घ्या.

कोड जिथे, बग तिथे

तुमचा कोड गिटहब किंवा गिटलॅबवर असेल आणि बग फक्त टीममधलेच लोक नोंदवत असतील, तर पहिली चाचणी तिथल्याच इश्यूंची घ्या. वेगळं खातं नको, वेगळं लॉगिन नको. पुल रिक्वेस्टच्या वर्णनात "फिक्सेस" हा शब्द इंग्रजीत लिहून पुढे इश्यूचा क्रमांक दिला, की ती मुख्य ब्रँचमध्ये मर्ज होताच इश्यू आपोआप बंद होतो. सहा महिन्यांनी एखादी ओळ अशी का लिहिली हा प्रश्न पडला, तर कमिटवरून इश्यूपर्यंत आणि इश्यूवरून ग्राहकाच्या मूळ तक्रारीपर्यंत मागे जाता येतं. बग ट्रॅकरचा खरा फायदा हाच आहे, आणि कोडच्या शेजारी बसलेल्या ट्रॅकरमध्ये तो फार कष्ट न घेता मिळतो. एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाने २०२१ च्या अखेरीस बगझिला सोडून गिटहब इश्यूज घेतले आणि पायथॉनने २०२२ च्या एप्रिलमध्ये आपला जुना ट्रॅकर सोडून तेच केलं. आपोआप बंद होण्याचा वर सांगितलेल्या नियमाशी खटका उडतो हे खरं. तिथे टेस्टरने बंद झालेले इश्यू तपासून गरज पडल्यास पुन्हा उघडावेत, असं ठरवून घ्या.

याच्या मर्यादाही ओळखून असाव्यात. गिटहबवर खासगी रिपॉझिटरीतले इश्यू ज्याला दिसतात, त्याला कोडही दिसतो. ग्राहकाला बगची यादी दाखवायची आहे पण कोड नाही, असं असेल तर फक्त इश्यूंसाठी वेगळी रिकामी रिपॉझिटरी काढावी लागते. शिवाय ग्राहकाच्या कचेरीतल्या हिशेबनिसाने गिटहबवर खातं उघडावं ही अपेक्षा बहुतेक वेळा फोल ठरते. गिटलॅबच्या संकेतस्थळावरच्या मोफत योजनेत खासगी ग्रुपला पाच जणांची मर्यादा आहे, तेव्हा सहावा माणूस टीममध्ये येण्याआधीच हिशोब करून ठेवा.

वेगळं साधन कधी घ्यावं

टेस्टर, सपोर्ट आणि ग्राहक असे कोड न पाहणारे लोक जास्त असतील, किंवा एकाच वेळी तीन-चार ग्राहकांचे प्रकल्प चालत असतील, तर स्वतंत्र ट्रॅकर सोयीचा पडतो. अटलासियनचं जिरा २००२ पासून बाजारात आहे आणि त्याची मोफत योजना १० जणांपर्यंत चालते. जेटब्रेन्सचं यूट्रॅकही १० जणांपर्यंत मोफत आहे. लिनिअर हे २०१९ च्या सुमाराचं नवं साधन. कीबोर्डवरून झटपट चालतं म्हणून ते डेव्हलपरना आवडतं, पण त्याच्या मोफत योजनेत इश्यूंच्या संख्येवर मर्यादा आहे. या योजना बदलत राहतात, म्हणून निर्णयाच्या दिवशी त्या त्या कंपनीचं दरपत्रक स्वतः वाचा.

जिरा घेणार असाल तर एक पथ्य पाळा. ते हवं तसं वाकवता येतं, आणि लहान टीमला तेच महागात पडतं. वर्कफ्लो, स्क्रीन, परवानग्या यांचे थर चढवत गेलात की टीममधला एक डेव्हलपर आठवड्यातला निम्मा दिवस जिराचा प्रशासक होऊन बसतो. पहिले तीन महिने मुळात आलेल्या मांडणीला हात लावायचा नाही असं ठरवून टाका. ती मांडणी गैरसोयीची वाटली तर साधन बदलण्याचा विचार आधी करा.

स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचं असेल तर

काही ग्राहक, विशेषतः बँका आणि सरकारी खाती, माहिती बाहेर जाऊ देत नाहीत. काही टीमना दरमहा डॉलर मोजायचे नसतात. अशांसाठी मुक्तस्रोत ट्रॅकर आहेत आणि ते कामात मुरलेले आहेत. १९९८ पासूनचं, पर्लमध्ये लिहिलेलं बगझिला मोझिला आजही वापरतं. रूबी भाषेचा प्रकल्प रेडमाइनवर चालतो, तर जँगो आणि वर्डप्रेसचे गाभ्याचे बग ट्रॅक या ट्रॅकरवर नोंदवले जातात.

लहान टीमसाठी मुक्तस्रोत ट्रॅकरांपैकी दोन आधी पाहावेत. मँटिस हे पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालतं, त्यामुळे साध्या शेअर्ड होस्टिंगवरही उभं राहतं. दिसायला जुनाट, पण बग नोंदवणं आणि शोधणं एवढंच नेमकं करतं. रेडमाइनमध्ये अनेक प्रकल्प, भूमिकेनुसार परवानग्या, कामाचे तास आणि ईमेलवरून इश्यू तयार करण्याची सोय आहे. ग्राहकाला फक्त त्याच्या प्रकल्पाची यादी दाखवून कोड झाकून ठेवता येतो. पण ते रूबी ऑन रेल्सवर आहे. आवृत्ती बदलताना प्लगिन मोडतात, म्हणून प्लगिन अगदी मोजकेच घालावेत.

"फुकट" या शब्दाने इथे फसू नका. परवाना फुकट असतो, पण सर्व्हरचं भाडं, अपडेट आणि बॅकअप तुमच्याच माथी येतात. बॅकअपमध्ये डेटाबेसबरोबर जोडलेल्या फाइलींचा फोल्डरही असावा लागतो, नाहीतर बग परत मिळतात आणि स्क्रीनशॉट गायब होतात. तीन महिन्यांतून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून पाहणारा माणूस टीममध्ये नसेल, तर स्वतःच्या सर्व्हरचा नाद सोडावा.

मराठीत आलेली तक्रार

सहकारी पतसंस्था, शाळा, दवाखाने, बाजार समित्या यांच्यासाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीमना तक्रारी मराठीतच येतात, आणि त्या तशाच्या तशा नोंदवणं उत्तम. डेव्हलपरने केलेल्या इंग्रजी सारांशात नेमकं काय बिनसलं होतं ते बऱ्याचदा गळून जातं. यासाठी ट्रॅकरच्या दोन सोप्या चाचण्या घ्या.

पहिली साठवणुकीची. ग्राहकाचा हात जोडलेल्या इमोजीसकटचा मराठी मेसेज जसाच्या तसा चिकटवून पाहा. मायएसक्यूएलच्या जुन्या "यूटीएफ८" मांडणीत एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट मिळत. देवनागरी अक्षरं तीन बाइटांत बसतात, इमोजीला चार लागतात. त्यामुळे जुन्या डेटाबेसवर मराठी नीट दिसतं आणि नेमकी इमोजी असलेली नोंद अडते किंवा तुटते. "यूटीएफ८एमबी४" मांडणी घेतली की हा प्रश्न सुटतो.

दुसरी चाचणी शोधाची. "दुसऱ्या" किंवा "अपुऱ्या" या शब्दांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याच्या ऱ पासून, किंवा साध्या र ला हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर जोडून. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, पण शोधयंत्राला ते वेगळे शब्द वाटू शकतात. फोनच्या कीबोर्डवरून आलेला शब्द मग तुमच्या संगणकावरून शोधताना सापडत नाही आणि एकच बग दोनदा नोंदवला जातो. त्यावर सोपी तोड अशी: मजकूर मराठीत राहू द्या, पण शीर्षकात पडद्याचं किंवा मॉड्यूलचं ठरलेलं नाव टाका.

ग्राहकाच्या स्क्रीनशॉटमध्ये आधार क्रमांक, फोन नंबर, खात्यातली शिल्लक असं बरंच काही येतं. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे, तेव्हा अशी माहिती झाकूनच चित्र जोडायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. सुरक्षेतल्या त्रुटीची नोंद मोजक्या लोकांपुरती खासगी ठेवता येते का, हेही तपासा. सायबर सुरक्षेची सरकारी यंत्रणा असलेल्या सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात. त्या सहा तासांत कुणी, केव्हा, काय पाहिलं याची तारीखवार नोंद ट्रॅकरमध्ये असेल तर मोठा आधार मिळतो.

पैशांचा हिशोब

क्लाउडवरच्या बहुतेक साधनांचं भाडं माणशी आणि डॉलरमध्ये असतं. दहा जणांपर्यंत मोफत याचा अर्थ अकरावा माणूस आला की फक्त त्याचे पैसे, असा नसतो. सशुल्क योजनेत गेल्यावर अकराही जणांचे मोजावे लागतात. म्हणून आजच्या संख्येवर न जाता वर्षभरानंतरच्या संख्येवर आकडेमोड करा, आणि उन्हाळी इंटर्न व ग्राहकाची दोन माणसंही त्यात धरा.

बिल परदेशातून येत असेल तर जीएसटी नोंदणी असलेल्या व्यवसायाला १८ टक्के कर रिव्हर्स चार्जने स्वतः भरावा लागतो. त्याचं क्रेडिट कसं घ्यायचं ते आपल्या सीएला विचारून घ्या. दुसरी अडचण कार्डाची. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप वजा होणाऱ्या रकमांना आधी ई-मँडेट लागतो. १५,००० रुपयांपेक्षा मोठ्या रकमेला दर वेळी वेगळी मंजुरीही द्यावी लागते. ती राहून गेली की पैसे जात नाहीत आणि खातं अडकतं. ज्या कंपनीकडून वार्षिक बिल मिळतं तिला झुकतं माप द्यावं, आणि खातं एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक ईमेलवर न काढता कंपनीच्या सामाईक पत्त्यावर काढावं. तो कर्मचारी नोकरी सोडून गेला की खात्याची किल्लीही जाते.

निरोपाची सोय

ट्रॅकर कायमचा नसतो. प्रकल्पांचे कोड आणि बग ठेवायचं, २००६ साली सुरू झालेलं गूगल कोड गूगलने २०१५ च्या मार्चमध्ये बंद करायचं जाहीर केलं आणि पुढच्या जानेवारीत ते बंद झालं. अटलासियनने जिराच्या सर्व्हर आवृत्तीची नवी विक्री २०२१ च्या फेब्रुवारीत थांबवली आणि १५ फेब्रुवारी २०२४ ला तिचा सपोर्टही संपवला. पिव्होटल ट्रॅकर ३० एप्रिल २०२५ ला बंद झाला. यातली एकही कंपनी किरकोळ नव्हती, आणि तरी त्यांच्या वापरकर्त्यांना बिऱ्हाड हलवावं लागलं.

म्हणून विकत घेण्याआधीच निर्यात करून पाहा. चाचणीच्या खात्यात दहा बग टाका, प्रत्येकावर दोन-तीन टिपण्या लिहा, एक स्क्रीनशॉट जोडा आणि सगळं बाहेर काढा. सीएसव्हीमध्ये बहुधा शीर्षक, स्थिती, तारखा येतात. टिपण्या आणि जोडलेल्या फाइली येतात का, कुणी केव्हा काय बदललं हा इतिहास येतो का, हे बघा. तिथे नसेल तर एपीआयमधून मिळतं का ते पाहा. बगमधलं ज्ञान टिपण्यांत असतं. नुसत्या शीर्षकांची यादी हाती आली तर जवळपास काहीच आलं नाही असं समजा.

बग क्रमांकांचंही असंच. जुन्या कमिटमध्ये "बग २१४" असं लिहिलेलं असतं आणि नव्या साधनात तोच बग ८७ होतो. पायथॉनने स्थलांतर करताना जुने क्रमांक नव्या नोंदींत जपून ठेवले आणि जुने दुवे चालू ठेवले. तुम्हालाही तेवढं करता यायला हवं. त्यासाठी सोपी खबरदारी म्हणजे कमिटच्या संदेशात नुसता क्रमांक न लिहिता काय सुधारलं तेही एका ओळीत लिहायचं.

दोन आठवडे खऱ्या कामावर

शेवटी दोनच साधनं निवडा. एक कोडच्या शेजारचं, एक स्वतंत्र. पहिला आठवडा एकावर, दुसरा आठवडा दुसऱ्यावर खरे बग टाका. रोज संध्याकाळी फक्त दोन आकडे लिहा: आज किती बग ट्रॅकरमध्ये आले आणि किती व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा तोंडीच राहिले. दुसरा आकडा ज्या साधनात लहान, ते तुमच्या टीमला मानवलं. हे मत कंपनीच्या मालकाचं किंवा सगळ्यात ज्येष्ठ डेव्हलपरचं नसावं. टीममधल्या सगळ्यात नव्या टेस्टरला आणि सपोर्टच्या माणसाला विचारा, कारण नोंदी तेच करणार आहेत.

थोडक्यात सांगायचं तर, फक्त डेव्हलपर आणि एखादा टेस्टर असेल तर गिटहब किंवा गिटलॅबचेच इश्यू पुरेत. ग्राहक आणि सपोर्टचे लोक जास्त असतील तर यूट्रॅक किंवा जिरा, पण मुळात आलेल्या मांडणीसकट. माहिती बाहेर जाऊ द्यायची नसेल आणि सर्व्हर सांभाळणारा माणूस टीममध्ये असेल, तर रेडमाइन किंवा मँटिस. कुठलंही घेतलंत तरी तारीख ठरवून त्या दिवसापासून बगचं एक्सेल फक्त वाचण्यापुरतं उघडं ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या तक्रारीला उत्तर देताना ट्रॅकरमधल्या नोंदीचा क्रमांक कळवा. तो क्रमांक ग्राहकच स्वतःहून मागू लागला, की निवड बरोबर झाली.